उंबरवाडीच्या पोरांची काळजं

सरकारी जीप ओढ्याजवळच्या वळणावर दिसली, आणि उंबरवाडीतली एकूण एक पोरं सिद्धगडाच्या दिशेने पसार झाली. यात नवीन काही नव्हतं. वाडीत जीप येते ती सुई घेऊनच, हे तिथल्या पोराला पाय फुटल्यापासून कळतं. कधी लस असते, कधी मलेरियासाठी बोटाला टोचायचं असतं, पण टोचतात हे नक्की. त्यामुळे जीप दिसली की हातातलं टाकून रानात सुटायचं, अशी रीतच पडून गेली होती. मोठ्यांचीही रीत ठरलेली. ते पोरांना हाका मारत घसा फोडत नसत. सावकाश चहा संपवत, काठ्या घेत आणि रान उठवायला निघत. कुठलं पोर कुठल्या कड्याखाली दडतं हे ज्याच्या त्याच्या बापाला ठाऊक असायचं, कारण लहानपणी तोही तिथेच दडलेला असायचा.

जीपमधून प्रशांत उतरला. प्रशांत म्हणजे आरोग्य सेवक. राहणारा वाशिंदचा, पण बारा वर्षं मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात रक्ताचे नमुने घेत हिंडलेला. लोक त्याला मलेरियावाला म्हणत आणि त्याला त्याचं वाईटही वाटत नसे. एरवी पोरं पळाली तर तो कोरा चहा पीत निवांत बसला असता. आज मात्र ते परवडणारं नव्हतं, कारण आज मलेरिया नव्हता. आज मेघा रोकडे यायची होती.

मेघा त्याच्याच गल्लीतली. ती मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात लहान मुलांची डॉक्टर व्हायला शिकत होती. गल्लीत तो तिला मेघा म्हणायचा, पण कामाच्या ठिकाणी कटाक्षाने मॅडम. ती मात्र दोन्हीकडे प्रशांतदादाच म्हणे. तर या मेघाला धडधाकट मुलांचं रक्त हवं होतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातला ट्रोपोनिन नावाचा पदार्थ रक्तात उतरतो. मोठ्या माणसाला हार्ट अटॅक आला का, हे त्यावरून ओळखतात. पण आजारी मुलाच्या रक्तात तो सापडला तर तो जास्त म्हणायचा की नाही, हे ठरवायचं कशावरून? त्यासाठी आधी ज्यांना काहीच झालेलं नाही अशा मुलांत तो किती असतो हे कळायला पाहिजे. चांगल्याचं माप माहीत असल्याशिवाय वाईट मोजायचं कसं, असं मेघाचं म्हणणं. म्हणून ती चार महिने वाशिंद-शहापूरच्या शाळा हिंडली होती. आता डोंगरातली मुलं उरली होती, आणि प्रशांतने तिला छाती ठोकून सांगितलं होतं की आमच्याकडची पोरं एकदम शिस्तीत असतात, तुम्ही फक्त या.

२००६ सालचा जानेवारी होता, सकाळचे सात वाजले होते आणि शिस्तीतली बावीस पोरं रानात होती. आईबापांच्या सह्या-अंगठे प्रशांतने आठवड्यापूर्वीच घेऊन ठेवले होते. अडचण आईबापांची कधीच नसते. जीप मेघाला आणायला मुरबाड स्टँडवर परत गेली. ती येईपर्यंत चार तास हातात होते. प्रशांतने पँटचे पाय दुमडले आणि वाडीतल्या बापांबरोबर तोही डोंगर चढायला लागला.

पहिली दहा पोरं तासाभरात सापडली. बारकी नावाची एक मुलगी करवंदीच्या जाळीत अडकलेली मिळाली. भगीरथचा मुलगा आंब्याच्या झाडावर होता आणि खाली यायला काही तयार नव्हता. पकडलेली तीन पोरं वाटेत हात सोडवून परत पळाली, ती पुन्हा पकडावी लागली. सगळ्यांत शेवटी उरली अंजू. अंजू बारा वर्षांची, नवसूची मुलगी. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत ती पंधराशे मीटरला अनवाणी पहिली आलेली. तिला पकडायला कुणी जातच नसे. नवसू मधल्या टेपावर, म्हणजे टेकाडावर, उभा राहून हाका मारायचा आणि तिला बापाची कीव आली की ती आपण होऊन खाली यायची. त्या दिवशी तिला कीव यायला साडेदहा वाजले.

मेघा बर्फाची पेटी घेऊन सव्वाअकराला पोचली तेव्हा शाळेच्या ओसरीवर बावीस मुलं ओळीत बसली होती. तोंडं धुतलेली, भांग पाडलेले. तिला फार बरं वाटलं. शहापूरला एका मुलाने तिच्या हाताचा चावा घेतला होता.

"किती शांत आहेत हो, दादा."

"आमच्याकडे असंच असतं, मॅडम."

पायांवरच्या ओरखड्यांविषयी तिने विचारलं, तर करवंदीची जाळी फार आहे इकडे, असं प्रशांतने सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. मुलं खरंच शांत होती. त्यांच्यात हलायचं त्राण उरलं नव्हतं. प्रत्येक मुलाच्या कागदावर एक रकाना होता: रक्त घेण्यापूर्वी मुलाला अर्धा तास बसवून ठेवले होते काय? प्रशांतने मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि बावीस वेळा 'होय' लिहिलं.

दहा दिवसांनी मशीनमधून आकडे आले आणि मेघाची झोप उडाली. मोठ्या माणसांसाठी धोक्याची एक रेघ ठरलेली असते, वाशिंद-शहापूरची मुलं तिच्या खाली होती. उंबरवाडीच्या बावीसपैकी एकोणीस रेघेच्या वर होती, आणि सगळ्यांत वर अंजू होती. मेघाचे सर, म्हणजे हृदयरोगाचे मोठे डॉक्टर, आधी म्हणाले मशीन बिघडलं. मशीन तपासलं, ठीक होतं. मग म्हणाले बर्फ वितळला असेल. पण बर्फ वितळून आकडा वाढतो असं त्यांनाही कुठे वाचल्याचं आठवेना. मेघाला भीती वाटली, पण भीतीपेक्षा जास्त कुतूहल वाटलं. एका डोंगरवाडीतल्या हसत्याखेळत्या मुलांच्या हृदयाला एकदम झालं काय?

ती चाळीस प्रश्नांची यादी घेऊन पुन्हा वाडीत आली. मुलं काय खातात, पाणी कुठलं पितात, ताप कधी आला, रानातले कंद खातात तर कसे उकडतात, सगळं तिने लिहून घेतलं. विंचवाच्या विषाने हृदयाला इजा होते, म्हणून विंचू चावला होता का, असं घरोघर विचारलं. नवसूची म्हातारी आई मंगळी म्हणाली, मला दोनदा चावलाय, माजां लिवा. पण एकोणीस पोरांना एकाच आठवड्यात विंचू चावले असतील, हे मेघालाही पटेना. तिने सगळं विचारलं. त्या दिवशी सकाळी मुलं कुठे होती एवढं विचारलं नाही, कारण ती ओसरीवर शांत बसली होती हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. वाडीतल्या लोकांना वाटलं, पोरं पळतात यात काय सांगायचं? आणि प्रशांतला पळण्याचा नि रक्ताचा संबंध ठाऊक नव्हता. त्याला फक्त आपली शिस्तीची थाप उघडी पडायला नको होती. त्यामुळे चाळीस उत्तरं मिळाली आणि हाती काही लागलं नाही.

निघताना मेघाने आईबापांना जमवून फार जपून सांगितलं. मुलांना काही झालेलं दिसत नाही, घाबरू नका, पण हृदयाचा एक आकडा जास्त आलाय, तेव्हा पुन्हा तपासेपर्यंत त्यांना जास्त श्रम देऊ नका.

डॉक्टर हे वाक्य रोज कुणाला ना कुणाला सांगतात. पण उंबरवाडीत पोरांनी श्रम करायचे नाहीत म्हणजे काय, याची कल्पना मेघाला नव्हती. झऱ्यावरून पाणी कोण आणतं? पोरं. शेळ्या कोण नेतं? पोरं. काटक्या, शेण, दुकानातून मीठ, शेजारच्या घरातून विस्तव, सगळं पोरांकडे. दुसऱ्या दिवसापासून पोरं अंथरुणावर आणि बाप डोक्यावर हंडे घेऊन झऱ्याच्या वाटेला लागले. भगीरथ शेळ्यांमागे धावून धावून लंगडायला लागला. शाळेत पोरं बसतात कमी आणि पळतात जास्त, म्हणून शाळा बंद. जयराम गुरुजी रिकाम्या वर्गात बसून हजेरीपटावर बावीस गैरहजर लिहायचे. पोरं हुशार. कुणी काम सांगितलं की डाव्या बाजूला हात ठेवायचा, हे त्यांना दोन दिवसांत समजलं. बारकीने तर हात ठेवून किंचित डोळे मिटले की गुळाचा खडा मिळतो असाही शोध लावला, आणि तो सगळ्या पोरांना सांगितला. वाडीत गूळ मिळेनासा झाला.

या सगळ्या मजेत एकच पोर दुःखी होतं. अंजूची मुलींच्या क्रीडा वसतिगृहासाठी निवड झाली होती. राहणं, जेवण, शिक्षण आणि रोज पळायला खरंखुरं मैदान. अठ्ठावीस फेब्रुवारीच्या आत डॉक्टरी दाखला द्यायचा होता. त्याच्या अर्जात एक प्रश्न होता, पूर्वी हृदयाची काही तपासणी झाली असल्यास निष्कर्ष लिहा. दुसऱ्या कुणी तो रकाना मुकाट्याने कोरा ठेवला असता. पण अर्ज जयराम गुरुजींनी भरला, आणि गुरुजींनी उभ्या जन्मात कुठला रकाना कोरा सोडला नव्हता. त्यांनी आकड्यासकट सगळं लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं: हृदयरोगतज्ज्ञांचं पत्र आणा, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाईल.

नवसूला जागेचं काही वाटत नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ कमळू दोन वर्षांपूर्वी खडी फोडता फोडता छातीवर हात ठेवून खाली बसला, तो उठलाच नाही. तेव्हापासून काळीज हा शब्द निघाला तरी नवसू हातपाय गाळायचा. त्याने अंजूला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची बंदी केली.

"काय नाय झालां मला, बाबा."

"कमळूकाका पण असांच बोलला व्हता," नवसू म्हणाला.

पंधरा दिवसांनी जीप आली. प्रशांत सवयीने पँट दुमडून उतरला आणि बघतच राहिला. पोरं पळाली नव्हती. ज्या सुईने पंधरा दिवस सुट्टी आणि गूळ दिला तिला भ्यायचं कशाला? ती पहाटेपासून ओसरीवर ओळ धरून बसली होती आणि आधी कोण टोचून घेणार यावरून भांडत होती. अंजू तेवढी उशिरा आली, घरामागच्या बाजूने, आणि ओळीच्या शेवटी बसली.

या वेळचे आकडे पाहून मेघाने कपाळावर हात मारून घेतला. एकवीस मुलं रेघेच्या खाली. एकटी अंजू पुन्हा वर.

मेघाने अंजूला आणि नवसूला मुंबईला नेऊन हृदयाचा आलेख काढला, सोनोग्राफी केली. सगळं स्वच्छ होतं. पण सर सही करायला तयार होईनात. दोनदा वाढलेला आकडा आहे, तो का वाढला ते सांग, मग सही मागायला ये, असं त्यांनी मेघाला बजावलं. पोरीला पळायला सांगून तिला काही झालं तर जबाबदार कोण? त्यांचंही चूक नव्हतं. नवसूने घरी आल्यावर मंगळीला दारात बसवलं. म्हातारी उंबऱ्यावर बसली म्हणजे घराला कुलूप लागल्यासारखंच होतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी मेघा एकटीच वाडीत आली. बरोबर यादी नव्हती, प्रश्नही नव्हते, फक्त अंजूला जरा बघावं असं तिच्या मनात होतं. तिच्या खांद्याला नेहमीची पिशवी होती. ती पिशवी अंगणात दिसली मात्र, अंजू म्हातारीच्या डोक्यावरून उडी मारून डोंगराला लागली. पुन्हा रक्त, पुन्हा आकडा, पुन्हा बंदी, एवढंच तिला कळलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. मेघा शाळेत खो-खो खेळायची, पण त्याला बारा वर्षं झाली होती. तरी ती चपला हातात घेऊन अंजूच्या मागे धावली.

अर्ध्या तासाने ती एका कातळावर बसली होती आणि तिला श्वास पुरत नव्हता. तोंडातून हाकही निघेना. मुंबईची डॉक्टर आपल्या डोंगरावर मरते की काय, या धास्तीने अंजू परत आली. पळसाच्या पानाचा द्रोण करून तिने पाणी आणून दिलं आणि दोन हात लांब उकिडवी बसली.

"पळतेस का गं माझ्यापासून?" मेघाने दम गोळा करून विचारलं.

"जीप आली का सगळीच पळतात."

"मागच्या वेळी तर कुणी पळालं नाही."

"तवा नाय. पयल्या टायमाला सगळी पळाली. सकाळपासनं रानातच व्हती. मी पार वरच्या कड्यापतूर गेलते."

मेघाने पाण्याचा द्रोण खाली ठेवला.

"आणि मागच्या वेळी? तू एकटी?"

अंजूने पायाच्या अंगठ्याने मातीत रेघ ओढली. मग म्हणाली, "बाबाला सांगू नको. मी रोज पहाटं उठून पळते. मागं, टेपावर."

मेघाला हसावं की रडावं समजेना. जोरात, खूप वेळ पळालं की धडधाकट माणसाच्याही रक्तात तो पदार्थ काही तास थोडा वाढतो, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. ते मॅरेथॉनवाल्या गोऱ्या लोकांविषयी होतं, म्हणून तिने पान उलटलं होतं. ती तशीच उतरून वाशिंदला गेली आणि प्रशांतच्या घरी त्याच्यासमोर बावीस कागद ठेवले.

"दादा, अर्धा तास बसवलं का, यावर तुम्ही होय लिहिलंय."

"बसवलं होतं, मॅडम. घड्याळ लावून बसवलं होतं."

"आणि त्याच्या आधी?"

प्रशांतने वरचा कागद उलटून पाहिला. "त्याच्या आधीचा रकानाच नव्हता, मॅडम," तो म्हणाला.

मेघा भडकली. गल्लीत असूनही मॅडम म्हटल्यामुळे तिला आणखी राग आला. एका वाडीचा महिनाभर जीव टांगणीला लावला तुमच्या शिस्तीने, असं तिने चारचौघांत सुनावलं. प्रशांतने खाली मान घालून ऐकून घेतलं, आणि मग त्याने हळूच विचारलं, पळाल्याने काळजातनं खरंच असं काही उतरतं का? किती उतरतं? परत चढतं कुठे? त्याच्या डोळ्यांत इतकं खरं कुतूहल होतं की मेघाचा राग मध्येच सुटला, आणि ती तासभर त्याला समजावत बसली.

सरांनाही हे फार आवडलं, पण सही नाही. एका मुलीच्या सांगण्यावरून मी काही मानणार नाही, ते म्हणाले. पळण्याआधी रक्त घ्या, पळाल्यावर घ्या. सगळ्याच मुलांचं चढत असेल तर तिचं चढणं हा आजार नव्हे. तसं दाखवा, त्याच दिवशी पत्र देतो. म्हणजे आता अंजूची जागा वाडीतल्या पोरांच्या पळण्यावर येऊन ठेपली. त्यांना पळवायचं यात अवघड ते काय, असं मेघाला वाटलं.

वीस फेब्रुवारीला जीप वाडीत आली. पोरं ओळीत बसलीच होती. अंजूला दोन दिवस मंगळीने आपल्या पदराला बांधून ठेवलं होतं, त्यामुळे तीही सक्तीने विश्रांती घेऊन आली होती. पहिलं रक्त बिनबोभाट झालं. मग मेघाने सांगितलं की आता सगळ्यांनी तासभर मनसोक्त पळायचं.

कुणी हललं नाही. बावीसपैकी एकवीस हात डाव्या बाजूला गेले. बारकीने डोळेही मिटले.

आईबाप तर चिडलेच. भगीरथ म्हणाला, तुमीच सांगलां श्रम द्यायचे नाय, महिनाभर आमी शेळ्यांमागं मेलो, आणि आता पळा म्हणता? मेघाने पुष्कळ समजावलं. प्रशांतने जीपचा हॉर्न वाजवून पाहिला, मोठी सुई उंच धरून दाखवली, स्वतः मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या, पण ती उठली नाहीत. बारा वर्षं ज्यांना थांबा रे थांबा म्हणत हिंडला, त्यांच्यापुढे आता पळा रे पळा म्हणून हात जोडायची पाळी प्रशांतवर आली होती. दहा वाजायला आले. जीप चार वाजता परत जाणार होती.

मेघाने शेवटी नाद सोडला. जबरदस्ती तर करता येत नव्हती. तिने कागद गोळा केले आणि आईबापांना खरं काय ते सांगून टाकलं. मुलांना काही झालेलं नाही, कधी झालंच नव्हतं. आजपासून सगळं नेहमीसारखं करा. पाणी, शेळ्या, काटक्या, आणि उद्यापासून शाळा.

तिचं वाक्य पुरं झालं आणि ओसरी रिकामी झाली. पोरं वेड्यासारखी सिद्धगडाच्या दिशेने सुटली होती.

क्षणभर मोठी माणसं बघत राहिली. मग त्यांनी आपोआप काठ्या उचलल्या. मेघाला आनंदाने उडी मारावीशी वाटली. पण तो आनंद दोन तासही टिकला नाही. महिनाभर विश्रांती घेतलेली पोरं ताजीतवानी होती, आणि महिनाभर हंडे वाहिलेले बाप थकलेले होते. बारा वाजले तरी सातच पोरं हाती लागली होती. मेघाने घड्याळ बघितलं, आणि तिची नजर ओसरीवर गेली. तिथे मंगळीजवळ अंजू तेवढी बसली होती. ती पळाली नव्हती. तिने आजीचा पदर हातात धरून ठेवला होता.

"मी आणते त्यांना," अंजू म्हणाली. "कुठं हायेत मला ठावं हाय." पण ती मेघाकडे बघून बोलली नाही. ती बापाकडे बघत होती.

नवसू पेचात पडला. ती धावली नाही तर पोरं मिळणार नव्हती, पोरं मिळाली नाहीत तर पत्र मिळणार नव्हतं, आणि पत्र मिळेपर्यंत तिला धावू द्यायची त्याची छाती नव्हती. मेघाने त्याला सांगितलं की आलेख चांगला आहे, सोनोग्राफी चांगली आहे. त्याने ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. तो पोरीसमोर जाऊन बसला आणि तिच्या छातीवर तळहात ठेवला, बराच वेळ. आतलं त्याला काय समजणार होतं? पण त्याने हात काढला नाही.

"भ्या वाटतं रे मला, पोरी," तो म्हणाला. आणि मग, "जा. मी हाय मागं."

अंजू सुटली आणि तिच्यामागे पाण्याचा कॅन घेऊन नवसू सुटला. तिने वरच्या कड्यापासून सुरुवात केली. एकेका कपारीत जाऊन ती पोरांना दटावून बाहेर काढायची आणि खाली हाकलायची. ती पुढच्या टेपावर गेली की नवसू मागच्या टेपावर पोचायचा, कॅन हलवून ओरडायचा, पाणी पी, आणि ती तिथून हात हलवून आणखी वर जायची. पावणेतीनला शेवटचं पोर ओसरीवर आलं, त्याच्यामागून अंजू, आणि अंजूच्या बऱ्याच मागून नवसू, रिकामा कॅन घेऊन. पाणी सगळं त्यानेच पिऊन टाकलं होतं. पोरांचं रक्त घेऊन झाल्यावर त्यानेही बाही वर केली. मोठ्या माणसांचं आमच्या कामात नसतं, असं मेघाने सांगितलं, पण तो हात मागे घेईना, म्हणून तिने त्याचंही घेतलं.

सव्वीस तारखेला मेघा सरांच्या सहीचं पत्र घेऊन वाडीत आली. बावीसच्या बावीस मुलांचा आकडा पळाल्यावर चढला होता. अंजूचा दुसऱ्या दिवशी प्रशांतने पुन्हा घेतला, तो मुकाट्याने खाली आला होता. सरांनी पत्रात लिहिलं होतं की मुलीचं हृदय उत्तम आहे आणि तिला हवं तितकं पळू द्यावं. मेघाने ते मराठीत वाचून दाखवलं. मंगळीने पुन्हा वाचायला लावलं.

नवसूच्या नावाचा कागद वेगळा होता. मेघा त्याच्या शेजारी ओट्यावर बसली आणि हसत म्हणाली, "सगळ्यांत जास्त आकडा तुमचा आलाय. घाबरू नका, सवय नसताना पळालात म्हणून तसं झालं. डॉक्टरला एकदा दाखवून घेऊ, पण एव्हाना तो उतरलाही असेल."

नवसूने कागद उलटासुलटा करून पाहिला.

"त्या दिशी मला कायच दुखलां नाय, मॅडम," तो म्हणाला. "पोर पुढं पळत व्हती, मी मागं. लय बरां वाटलां. पण त्याच्या आधी महिनाभर मी तिला हितं नुसती बसलेली बघत व्हतो. दुखलां ते तवा. तवाचां रक्त तुमी घेतलांच नाय."

मेघा म्हणाली, "ते मोजायचं मशीन नाही हो आमच्याकडे."

"असू दे," नवसू म्हणाला, आणि अंजूची पेटी बांधायला सुतळी शोधू लागला.